जुनं स्टिअरिंग, नवा खोका

जत्रेत मुलांना खेळायला द्यावा, गटाला चार पैसे मिळावेत, म्हणून आम्ही प्लायवूडचा व्हिडिओ गेमचा खोका बनवला. त्याला जुनं स्टिअरिंग कसं जोडलं, ते आज सांगतो.

तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या गेम पार्लरमधलं स्टिअरिंग आणि पेडल आम्हाला भंगाराच्या भावात मिळालं. दुकानदार म्हणाले, "ताई, हे टाकून द्या, चार बटणं लावा." पण बटणाला फक्त चालू आणि बंद एवढंच कळतं. विजेच्या शिलाई मशीनचं पेडल हलकं दाबलं की मशीन हळू चालतं, जोरात दाबलं की पळतं. हे 'किती' बटणाला सांगता येत नाही.

स्टिअरिंगच्या मागे पॉट नावाचा छोटा गोल भाग असतो. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करतो तोच. सेगा कंपनीच्या १९८६ सालच्या 'आउट रन' खेळातही स्टिअरिंगला पॉटच होता. त्याला तीन पाय असतात. कडेच्या एका पायाला ५ व्होल्ट, दुसऱ्याला ग्राउंड, आणि मधल्या पायाची वायर बोर्डाच्या ॲनालॉग पिनला. आम्ही अर्डुइनो लिओनार्डो बोर्ड घेतला. तो ० ते १०२३ असे आकडे वाचतो आणि संगणकाला जॉयस्टिकसारखा दिसतो.

पहिल्या दिवशी मात्र आमच्यातल्या एकीने ५ व्होल्ट मधल्या पायाला दिले. स्टिअरिंग टोकाला नेलं आणि आतली पट्टी जळाली. पैसे बचतीतले, त्यामुळे सगळ्या गप्प. तिचे तर डोळे भरून आले.

मग आम्ही ठरवलं, नवा पॉट तिनेच जोडायचा. यावेळी आधी मीटर लावला. स्टिअरिंग फिरवूनही ज्या दोन पायांमधला आकडा बदलत नाही, ते कडेचे. उरला तो मधला. वायरींचे रंग वहीत लिहिले, मगच सोल्डर केलं.

स्टिअरिंग पुरतं फिरवूनही आकडे २१० ते ८१० एवढेच आले. तीच दोन टोकं प्रोग्राममध्ये लिहिली, तेव्हा गाडी नीट वळली.

एक सांगून ठेवतो. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब बंद केल्यावरही धक्का देते. तिला हात लावू नका, मेकॅनिकला बोलवा.

जळालेल्या पॉटचे पैसे जत्रेच्या पहिल्याच संध्याकाळी वसूल झाले. गल्ल्यावर तीच बसली होती.