पुराचे पाणी आणि आपली समजूत



पूर ओसरला की गावोगावी एकच मागणी होते, "नाल्याला भिंत बांधून द्या." आम्ही सांगतो, "काठावर झाडे लावा, गवत राखा, नाल्याला जागा सोडा." लोक हसतात. म्हणतात, "गुरुजी, झाडानं कुठं पूर थांबते काय?"

प्रश्न रास्त आहे. भिंत लगेच दिसते, झाडाला वाढायला वर्षे लागतात. म्हणून भिंतीवर भरवसा बसतो. पण पाणी कसे चालते ते आधी पाहू.

वऱ्हाडाच्या उत्तरेला सातपुडा आहे. तिथला पाऊस उतारावरून धावत पूर्णेच्या खोऱ्यात येतो. खाली जमीन सपाट, माती काळी. ती भिजली की फुगते, भेगा मिटतात. मग पाणी फार हळू मुरते आणि तुंबते.

रानात झाडोरा असला, तर पावसाचा मार पाने झेलतात. पाचोळा पाणी धरतो. बांध-बंधारे त्याला थांबवीत आणतात. पाणी एकदम न येता हळूहळू येते. काठचे करंज, बांबू, वाळा मुळांनी माती धरून ठेवतात. भिंत पाणी कमी करीत नाही. ती ते पलीकडच्या काठावर, नाहीतर खालच्या गावावर लोटते.

अकोल्याचे पाहा. २०१८ च्या जानेवारीत हजारो लोक मोर्णा नदीवर जमले. जलकुंभी आणि कचरा काढला. गाडगेबाबांच्या मुलखाला शोभेल असे ते काम. तरी २०२१ च्या जुलैत एका रात्रीच्या पावसाने मोर्णेचे पाणी वस्त्यांत शिरले. सफाई हवीच, पण नदीला पसरायला जागाही हवी.

हॉलंड देशात १९९५ साली पुराच्या भीतीने सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. नंतर त्यांनी ठिकठिकाणी बांध मागे सरकवून नदीला जागा दिली. एका ठिकाणी शेतकऱ्यांनीच तोड सुचवली. घरे उंच टेकाडांवर बांधू, मोठा पूर आला तर शेतात पाणी येऊ देऊ. आपले पूर्वज तरी काय करीत? गाव उंच पांढरीवर, शेत काळीत.

खरे तेही सांगितले पाहिजे. झाडे सगळाच पूर अडवीत नाहीत. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने मोवाड गावातली २०४ माणसे गेली. अशा वेळी उंच जागा आणि वेळेवर मिळालेली खबर हीच माणसाला वाचवते.

आता अवघड गोष्ट. जागा सोडायची कोणी? नाल्याकाठचा शेतकरी म्हणतो, "वावर माझं जाईल, गाव वाचंल. मले काय भेटते?" त्याचे म्हणणे खोटे नाही. तो काठापर्यंत नांगर नेतो तो पोटासाठी. सगळा भार त्याच्या एकट्यावर टाकू नये. त्या पट्ट्यातला बांबू आणि चारा त्याचाच असावा. त्याचे नुकसान कसे भरून द्यायचे, ते ग्रामसभेने ठरवावे. मात्र कोणी नाल्याचीच जागा बुजवली असेल, तर ती त्याने सोडलीच पाहिजे.

तेव्हा पावसाळ्याआधी एवढे करा. सगळे मिळून नाल्याकाठाने चालून या. पाणी कुठवर आले होते ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. तिथे खुणेचे दगड रोवा. त्या दगडाच्या आत नवे घर बांधू नका.