पोटातला अल्सर : घरचे उपाय कुठवर आणि दवाखाना कुठून

(बंगळूर येथे रेल्वे व पोस्टातील मराठी कामगारांच्या बैठकीत युनियनच्या सेक्रेटरींनी केलेले भाषण)



युनियनच्या बैठकीत पोटाच्या दुखण्याचे काय काम, असे काहींना वाटेल. पण आपल्यातल्या किती जणांच्या खिशात ॲसिडिटीची गोळी आहे, ते बघा. लोको पायलट, ट्रॅकमेंटेनर, पॉइंट्समन, आर.एम.एस.मध्ये रात्रभर टपाल छाटणारे सॉर्टर, पिशवी घेऊन उन्हात फिरणारे पोस्टमन, सगळ्यांचे दुखणे एकच. मी डॉक्टर नाही, मॅट्रिक झालेला माणूस आहे. जे वाचले आणि डॉक्टरांकडून समजून घेतले, तेच सांगतो.

अल्सर म्हणजे जठराच्या किंवा त्याच्या पुढच्या लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला पडलेली जखम. अन्न पचवणारे आम्ल त्या जखमेवर पडते आणि आग होते. लहान आतड्यातल्या अल्सरचे दुखणे पुष्कळदा रिकाम्या पोटी किंवा मध्यरात्री उठते आणि दोन घास खाल्ले की थांबते. म्हणून माणूस समजतो, भुकेचेच दुखणे आहे.

पूर्वी सांगत, हा रोग मिरचीचा, चिंतेचा, तापट स्वभावाचा. म्हणजे दोष रोग्याचाच. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी रोग्यांच्या जठरात एक जंतू शोधला. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे मोठे कारण म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या : ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक. कंबर धरली की मेडिकलमधून पत्ता आणायचा आणि रिकाम्या पोटी गोळी घेऊन ड्युटीवर जायचे, ही आपली सवय. मिरचीने जखम झोंबते, पण जखम करणारे बहुतेक वेळा हे दोघेच.

या बाबतीत आपल्या रेल्वेचे नाव जगाच्या वैद्यकशास्त्रात आहे. रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा, जे पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते, त्यांनी १९६४ साली भारतातील अल्सरवर निबंध प्रसिद्ध केला. भात खाणाऱ्या दक्षिणेत आतड्याचा अल्सर जास्त, पोळी खाणाऱ्या पंजाबात कमी. त्यांचे म्हणणे असे की पोळी चावावी लागते, लाळ मिसळते आणि आम्लाचा जोर कमी होतो. इथून जवळ, म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलात काम केलेले इंग्रज सर्जन फ्रँक टोवी यांनीही पुढे आहाराचाच माग काढला. जंतूचा शोध त्यानंतर लागला. तरी सावकाश चावून खाणे, कोंड्यासकट पोळी किंवा भाकरी खाणे, यात तोटा काहीच नाही.

आता घरगुती उपाय. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, पण नंतर आम्ल पुन्हा सुटते. खाण्याच्या सोड्याचेही तसेच. त्यात रक्तदाबवाल्याला मीठ वाढते. कोबीच्या रसाचा प्रयोग १९४९ साली अमेरिकेत झाला, पण तो अगदी थोड्या रोग्यांवर. ज्येष्ठमधात गुण आहे, त्यापासून विलायतेत औषधही बनले होते. पण जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. वेळेवर जेवण, तंबाखू-विडी बंद, दारू बंद, हे खरे नैसर्गिक उपाय. ते जखम भरायला मदत करतात. जंतू मात्र त्यांनी मरत नाही.

जंतूची तपासणी श्वासावरून, मलावरून किंवा दुर्बिणीने होते. श्वासाची किंवा मलाची तपासणी असेल, तर आम्ल कमी करणारी गोळी निदान दोन आठवडे आधी बंद ठेवावी लागते. ते डॉक्टरांना विचारूनच करा. जंतू निघाला तर बहुधा १४ दिवसांचा कोर्स असतो, दोन अँटिबायोटिक आणि आम्लाची गोळी. पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडू नका. अर्धवट कोर्सने जंतू औषधाला दाद देईनासा होतो. कोर्स संपल्यावर महिन्याने पुन्हा तपासणी मागा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मनाने थांबवू नका.

डांबरासारखा काळा शौच, रक्ताची उलटी, अचानक पोट लाकडासारखे कडक होणे, यांपैकी काहीही झाले तर ड्युटी सोडून हॉस्पिटल गाठा. वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदा त्रास सुरू झाला असेल, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. या जंतूचा जठराच्या कॅन्सरशीही संबंध आहे.

‘मेडिकल अनफिट’ होण्याच्या भीतीने कित्येक साथी दुखणे लपवतात. लपवलेला अल्सर फुटतो, उपचार केलेला बरा होतो. रेल्वे हॉस्पिटल आणि सी.जी.एच.एस. दवाखाना मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे. कार्ड खिशात आहे, ते वापरा.

राहिले युनियनचे काम. लोको पायलटसाठी जेवणाची ठरलेली सुट्टी शक्य नाही, असे रेल्वे बोर्डाने २०२५ साली कळवले. आपण ती मागणी सोडलेली नाही. रनिंग रूममध्ये वेळेवर ताजे अन्न, सगळीकडे शुद्ध पाणी, हॉस्पिटलात या जंतूची तपासणी, हे तीन मुद्दे प्रत्येक शाखेने पुढच्या बैठकीत लेखी द्यावेत. जेवायला वेळ मागणे ही चैन नाही. गोळी प्रशासन देईल, पण ती बसायला पोटात अन्न लागते, आणि त्यासाठी भांडावे आपल्यालाच लागेल.

कामगार एकजुटीचा विजय असो.