वाळवंटांतील मोटार आणि तिची निगा

घोडा कां अडला, भाकरी कां करपली आणि पान कां सडलें, हा बिरबलाच्या नांवावर सांगितला जाणारा प्रश्न ज्यांनीं लहानपणीं ऐकला नाहीं अशीं माणसें महाराष्ट्रांत थोडींच सांपडतील. तिहींचें उत्तर एकच : न फिरविल्यामुळें. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मध्यप्रदेशांत फिरणाऱ्या मोठ्या मोटारींना हें उत्तर तंतोतंत लागू पडतें. तेथें मोटार अडली तर नुसता खोळंबा होत नाहीं. प्राणाशीं गांठ पडते.

साध्या मोटारींत इंजिनाची शक्ति पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांनाच पोंचते. वाळूंत वा चिखलांत तीं चाकें जागच्या जागीं गरगरूं लागलीं कीं गाडी खिळून बसते. चारहि चाकांना शक्ति देणाऱ्या गाडींत ही अडचण पुष्कळ कमी होते. शिवाय अशा गाडींत नेहमींच्या गिअरपेटीमागें आणखी एक पेटी असते. तिचा दांडा ओढला कीं चाकांचा वेग अर्ध्याहून कमी होतो व त्यांचा जोर त्याच प्रमाणांत वाढतो. मग बैलानें मंद पावलीं चढ चढावा तशी ती गाडी चढते.

जपानच्या टोयोटा कंपनीनें अशी आपली पहिली गाडी १९५१ सालीं तयार केली आणि फुजी पर्वताच्या वाटेवरील सहाव्या टप्प्यापर्यंत ती चढवून दाखविली. १९५४ मध्यें तिला ‘लँड क्रूझर’ हें नांव मिळालें. ऑस्ट्रेलियांत १९४९ ते १९७४ या काळांत स्नोई पर्वतांतील नद्या अडवून वीज व पाणी पुरविण्याची प्रचंड योजना पार पडली. त्या कामावर ही गाडी कसाला लागली आणि तिचा लौकिक झाला. पुढें १९९० सालीं निघालेली ‘८० मालिके’ची गाडी अखंड पोलादी आंस व चारहि चाकांवर वळशांच्या स्प्रिंगा अशी दणकट बांधणीची होती. तिशी ओलांडलेल्या त्या गाड्या अजूनहि अनेक कुटुंबें सांभाळून आहेत.

त्यांची खरी परीक्षा सिम्प्सन वाळवंटांत होते. तेथें वाळूच्या अकराशेंहून अधिक टेंकड्या एकीमागून एक, समुद्राच्या लाटांसारख्या पसरलेल्या आहेत. पूर्वेकडील नॅपानेरिका नांवाची टेंकडी सुमारें ४० मीटर उंच आहे. वांगकांगुरू जमातीचे मूळ रहिवासी ‘मिकिरी’ या आपल्या विहिरींच्या आधारानें तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. कोल्सन नांवाच्या गोऱ्या गृहस्थानें १९३६ सालीं एका मूळ रहिवासी सोबत्यासह उंटांवरून तें वाळवंट ओलांडलें, आणि १९६२ मध्यें रेग स्प्रिग या भूगर्भशास्त्रज्ञानें पत्नी व दोन मुलांसह तें मोटारीनें प्रथम पार केलें. आज सहलीला जाणारे पुष्कळ आहेत. तथापि उन्हाळ्यांत, १ डिसेंबर ते १५ मार्च या काळांत, तेथील राष्ट्रीय उद्यान बंद ठेवण्यांत येतें. गाडी बंद पडली तर ती सोडून पायीं निघूं नये, असा तेथील पहिला नियम आहे. विमानांतून शोधणाऱ्यांना चालणारा माणूस दिसत नाहीं, गाडी दिसते.

म्हणूनच अशा गाडीची निगा हें हौसेचें काम नव्हे. तिच्या पुढच्या आंसाच्या दोन्ही टोंकांना चेंडूच्या आकाराचें एकेक पोलादी घर असतें. चाक वळतें तें या घरावर, आणि चाकाला शक्ति पोंचविणारा सांधा असतो तो या घराच्या आंत, घट्ट ग्रीसमध्यें बुडालेला. आंसांतील पातळ तेल व घरांतील ग्रीस यांच्यामध्यें एक लहानसें रबरी कडें असतें. तें झिजलें कीं तेल ग्रीसमध्यें उतरतें, ग्रीसचें कालवण होतें आणि चाकाच्या आंतल्या बाजूस काळपट ओघळ दिसूं लागतो. अडाणी मालक तो ओघळ फडक्यानें पुसतो आणि गाडी स्वच्छ झाली असें मानतो. जाणता मालक चाक उतरवितो, घर उघडतो, सांधा धुऊन पाहतो आणि नवें कडें व नवें ग्रीस घालतो. दोन दिवसांचें हें काम टाळलें तर वंगणावांचून सांधा खातो, आणि एखादे दिवशीं भर चढावर कडकन्‌ तुटतो.

रबराची गोष्ट अशीच आहे. या मालिकेच्या पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात सहजीं पोंचणार नाहीं अशा जागीं, गरम पाण्याची एक वीतभराहूनहि लहान नळी आहे. वर्षांनुवर्षें तापून ती फुटते, पाणी निघून जातें आणि तापलेलें इंजिन निकामी होतें. डीझेलच्या इंजिनांत झडपा हालविणारा दांतेरी पट्टा दर १,००,००० किलोमीटरनंतर बदलावा लागतो. तो तुटला तर दट्टे व झडपा एकमेकांवर आदळतात. नळी काय नि पट्टा काय, इंजिनाच्या मानानें किंमत क्षुल्लक. पण दोहोंच्या हातीं इंजिनाचें आयुष्य असतें.

पाण्यांतून जातांना निराळाच धोका असतो. लांब दौडीनें आंसावरील चक्रांची पेटी व तिच्यांतील हवा तापलेली असते. ती पेटी ओढ्याच्या थंड पाण्यांत एकाएकीं बुडाली कीं आंतली हवा आकसते आणि झिजलेल्या कड्यांतून पाणी आंत ओढून घेते. तेल दुधाळ झालेलें दिसलें तर असें घडलें हें समजावें. यावर उपाय सोपा आहे. पेटीच्या श्वासनळीला लांब नळी जोडून तिचें तोंड इंजिनाच्या कोठ्यांत उंच नेऊन ठेवावें. सुधारणा म्हणावी ती अशी : खर्च थोडा, वजन नाहीं, आणि गरज खरी.

परंतु बहुतेकांचा ओढा दिखाऊ सुधारणांकडे असतो. प्रथम गाडी उंच करावयाची, मग मोठे टायर, पोलादी कठडा, ओढयंत्र, छपरावर जाळीची मांचण, दुसरी इंधनाची टांकी ! गाडी उंच केली कीं पुढच्या चाकांच्या मांडणीचा कोन बदलतो आणि सुकाणू सैल वाटूं लागतें. त्याची दुरुस्ती बरोबरच करावी लागते. टायराचा व्यास दहा टक्क्यांनीं वाढला तर वेगमापक १०० दाखवीत असतां गाडी ११० च्या वेगानें धांवत असते, आणि ब्रेकवर पडणारा ताणहि वाढतो. कठडा व ओढयंत्र मिळून सुमारें १०० किलो होतात, १०० लिटर डीझेल सुमारें ८५ किलो भरतें, आणि १०० लिटर पाणी तर पुरतें १०० किलो. या तीन जिनसांनींच तीन धिप्पाड माणसांचें ओझें झालें. कुटुंब अजून गाडींत बसावयाचेंच आहे. गाडीनें वाहावयाच्या एकूण वजनाची मर्यादा कारखान्यानें ठरविलेली असते. ती ओलांडली म्हणजे स्प्रिंगा बसतात, बेअरिंगें तापतात आणि लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर धक्कारोधक निकामी होतात. नाकापेक्षां मोती जड म्हणतात तें हेंच.

याउलट, वाळूंत सर्वांत उपयोगी पडणारें हत्यार म्हणजे हवा मोजण्याचें साधें मापक. डांबरी रस्त्यावर टायरांत ३६ पौंड दाब असेल तर मऊ वाळूंत तो १८ च्या आसपास आणतात. टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन विभागलें जातें आणि उंटाच्या पावलाप्रमाणें चाक वाळूवर तरंगतें. कठीण रस्ता लागतांच पंपानें पुन्हां हवा भरावी. कमी हवेवर वेगानें गाडी हांकणें धोक्याचें असतें.

शेवटीं एक इशारा अवश्य द्यावयास हवा. रुतलेली गाडी ताणल्या जाणाऱ्या नायलॉनच्या पट्ट्यानें दुसरी गाडी हिसका देऊन काढते. तो पट्टा गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसविलेल्या आंकड्यालाच अडकवावा. मागची गाडी ओढण्यासाठीं असलेल्या गोळ्याला तो अडकविल्यानें गोळा तुटून तोफेच्या गोळ्यासारखा उडाला आणि त्यानें माणसें दगावलीं, असे प्रसंग ऑस्ट्रेलियांत घडलेले आहेत. जवळ उभ्या असलेल्या मुलांना अगोदर लांब पाठविणें हें चालकाचें पहिलें कर्तव्य होय.

हलक्या गतीचा तो दांडा महिनोन्‌महिने हालविला नाहीं तर गंजून चिकटतो, आणि नेमका टेंकडीच्या पायथ्याशीं हालेनासा होतो. म्हणून जाणते मालक गरज नसतांहि महिन्यांतून एकदां कच्च्या वाटेवर तो टाकून कांहीं अंतर गाडी चालवितात. चक्रें फिरतात, तेल सर्वत्र पोंचतें आणि दांडा मोकळा राहतो. घोडा, भाकरी आणि पान यांच्या ओळींत ही मोटारहि बसविली तर बिरबलाला आपलें उत्तर बदलावें लागणार नाहीं.