सर्व्हिस कोणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी, सामने सुरू होण्यापूर्वी केलेले भाषण)



गेल्या वर्षीचा आपला व्हॉलीबॉलचा सामना पुष्कळजणींना आठवत असेल. आमचे २४ गुण, समोरच्यांचे २३. एकच गुण हवा होता, आणि सर्व्हिस करण्याची वेळ आली नेमकी आमच्यातल्या सर्वांत भित्र्या भगिनीवर. त्या म्हणाल्या, "अहो ताई, माझ्याच्याने नाही व्हायचे. माझ्याऐवजी तुम्हीच मारा." मी मारली. चेंडू रिकाम्या कोपऱ्यात पडला, आम्ही टाळ्या पिटल्या, आणि पंचांनी गुण व सर्व्हिस दोन्ही समोरच्या संघाला दिली. पुढचे दोन गुणही गेले. पंचांना मी मनातल्या मनात बरेच बोलले. घरी जाऊन नियम वाचला, तेव्हा कळले की चूक माझीच होती.

या खेळात सर्व्हिस कोणी करावयाची हे कौशल्यावर ठरत नाही, क्रमाने ठरते. सहा जणींपैकी तिघी नेटजवळ, तिघी मागे. मागची उजवीकडची जागा सर्व्हिसची. मैदानाच्या मध्यभागी तुळशीवृंदावन आहे असे समजा आणि त्याला प्रदक्षिणा घाला, म्हणजे जागा बदलण्याची दिशा कधी चुकणार नाही. पुढची उजवीकडची खेळाडू मागे येऊन सर्व्हिस करते, मघाची सर्व्हिस करणारी मागच्या मधल्या जागी सरकते, आणि बाकीच्याही एकेक जागा पुढे जातात.

पण ही प्रदक्षिणा दर गुणाला नाही, आणि आपला घोळ इथेच होतो! सर्व्हिस आपली असून गुणही आपणच मिळवला, तर कोणी हलायचे नाही. तीच खेळाडू पुन्हा सर्व्हिस करील. सर्व्हिस समोरच्यांची असताना गुण आपण जिंकला, तरच फिरावयाचे. शाळेत खेळलेल्या काहीजणींना सर्व्हिस असेल तरच गुण, आणि १५ गुणांचा डाव, हे पाठ असेल. तो नियम गेला. आता प्रत्येक चेंडूला गुण असतो आणि डाव २५ चा, पाचवा झाल्यास १५ चा. दोन्हीकडे दोन गुणांची आघाडी हवी. नेटला चाटून पलीकडे गेलेली सर्व्हिसही आता चालते.

समोरून सर्व्हिस येत असेल, तर चेंडूला हात लागेपर्यंत आपण आपापल्या क्रमाने उभे असावे. नंतर कोणीही कुठेही धावावे. मात्र मागच्या ओळीतलीने तीन मीटरच्या रेषेपुढे येऊन नेटपेक्षा उंच चेंडू पलीकडे मारू नये.

आता भीतीविषयी. शिट्टीनंतर आठ सेकंद मिळतात. श्वास घेण्यापुरता तो वेळ पुष्कळ आहे. मागच्या रेषेवर मात्र चेंडू मारीपर्यंत पाय पडू देऊ नका. सर्व्हिस डोक्यावरूनच मारली पाहिजे असे कोणी सांगितले? खालून मारलेलीही तितकीच नियमाची. डावा पाय पुढे, चेंडू डाव्या तळहातावर कमरेपाशी. तो किंचित सोडून उजव्या तळहाताच्या मुळाने मारा. हातात धरलेलाच मारला तर चूक होते. आपले नेट २.२४ मीटर उंच, रेषेपासून नऊ मीटर दूर. आधी निम्म्या अंतरावरून मारा, मग एकेक पाऊल मागे जा.

घरकामातून सराव कुठला, असे म्हणाल. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या जपानी संघातल्या बहुतेक मुली एका सूतगिरणीत नोकरी करून सराव करीत. आपल्याला पदक नको, चेंडू पलीकडे गेला म्हणजे झाले.

त्या भगिनी गेले दोन महिने रोज संध्याकाळी आवारात येत आहेत. दहातल्या सात सर्व्हिस पार जातात. मी मोजल्या आहेत. आज त्यांना मागच्या उजव्या जागी उभे केले आहे. नाणेफेक जिंकली, तर पहिली सर्व्हिस त्यांचीच.