खोकल्याचाही कागद जपा

आमच्या गटातली एक ताई खडी क्रशरवर कामाला जाते. वर्षभर खोकतेय, चढण आली की धाप लागते. मागच्या महिन्यात तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "याआधी छातीची तपासणी केली होती? कागद आहे का?" ताई गप्प. मीही गप्प.

म्हणून आज तुम्हाला अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरातल्या आग विझवणाऱ्या जवानांची गोष्ट सांगते. ११ सप्टेंबर २००१ ला तिथल्या दोन उंच इमारतींवर विमानं आदळली, इमारती कोसळल्या. अग्निशमन दलाचे ३४३ जण त्याच दिवशी गेले. वाचलेले जवान कित्येक महिने ढिगारा उपसत राहिले. त्या धुळीत सिमेंट होतं, काचेचे तंतू होते, अ‍ॅस्बेस्टॉस होतं. चुन्यासारखी दाहक धूळ! सुरुवातीला अनेकांकडे धड मास्क नव्हते. त्यात आठवड्याभरात सरकारी खात्यानं सांगून टाकलं, हवा सुरक्षित आहे.

पण जवान खोकू लागले. पहिल्याच वर्षात त्यांचा दम एकदम कमी झाला आणि पुष्कळांचा तो पुढं कित्येक वर्षं भरून आला नाही. बारीक धूळ फुफ्फुसात खोल जाते, तिथं सूज आणते आणि त्याचा त्रास रक्तवाहिन्यांना, हृदयालाही होतो. २०१९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दिसलं, की त्या सकाळी सर्वांत आधी पोहोचलेल्यांना हृदयविकाराचा धोका उशिरा आलेल्यांपेक्षा सुमारे ४४ टक्के जास्त होता. २०२३ पर्यंत त्या धुळीच्या आजारांनी आणखी ३४३ जण गेले. म्हणजे त्या दिवशी गेले तेवढेच!

हे सगळं कळलं कसं? तर त्या दलात जवानांची तपासणी आधीपासून नियमित होत होती. नळीत फुंकर मारून श्वास मोजलेले जुने कागद होते. आधीचा दम किती, नंतरचा किती, हे समोर ठेवता आलं. पुढं उपचार आणि भरपाईसाठी २०११ मध्ये कायदा झाला.

आपल्याकडं क्रशरवर, वीटभट्टीवर, मळणीयंत्रावर धूळ खाणाऱ्या बाया कमी नाहीत. तेव्हा एवढं करा. आज बरं वाटत असलं तरी श्वासाची आणि बीपीची तपासणी करून घ्या. कामाला कधी लागलात, कुठं, किती वर्षं, ते वहीत लिहा. सगळे कागद पासबुकाच्या पिशवीत ठेवा. बारीक धुळीला पदर पुरत नाही, चांगला मास्क मागा, पाणी मारायला सांगा. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर सरकारी दवाखाना गाठा. छातीत दुखून दम लागला तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

आमच्या ताईचा पहिला कागद आता झालाय. तुमचा कधी करताय?