कबरस्तानातली पिवळी पिशवी



मी सॉफ्टवेअरवाला माणूस. पर्यावरणावर बोलायला मला का बोलावलं, ते संयोजकांनाच ठाऊक. मी फक्त आमच्या गावच्या कबरस्तानाबद्दल बोलणार आहे.

2021चा एप्रिल. घरची माणसं क्वारंटाइनमध्ये, म्हणून आम्ही सहा-सात जण दफनाला उभे राहायचो. अँब्युलन्समधून मय्यत यायची, जनाज्याची नमाज व्हायची, कबरीत उतरवायचो आणि घामाने चिंब झालेलं पीपीई किट भिंतीजवळ काढून घरी जायचो. लोक कौतुक करत होते. नंतर सत्कारही झाला.

एके सकाळी पाहिलं, कबर खोदणाऱ्या चाचांचा लहान मुलगा आमचेच हातमोजे घालून खेळत होता. चाचा म्हणाले, "धुऊन घेतलेत बेटा, पावसात कामाला येतील." मला काही बोलता आलं नाही.

मग आम्ही दुसरी चूक केली. खड्डा खणला, किट टाकली, पेट्रोल ओतून पेटवलं. काळा धूर थेट शेजारच्या वस्तीत गेला. किटचं कापड म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, प्लास्टिकच. त्यात पीव्हीसीचे मोजे असले तर डायॉक्सिनसारखं विष तयार होतं. म्हणून तर वैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीला दुसरा कक्ष असतो, सुमारे 1050 अंशांचा. आमच्या खड्ड्याला काय होतं?

नियम 2016 पासून आहेत. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या-मोजे लाल, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्या. पिशवीवर बारकोड. कोविडमध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कचऱ्याचा माग ठेवायला अ‍ॅपही काढलं. मी हेच काम करतो, म्हणून सांगतो: ज्याची नोंदच नाही, ते सिस्टीमला दिसत नाही. आमच्या कबरस्तानाची नोंद कुणी केली नव्हती. आम्हीही नाही.

नगरपालिकेत तीन चकरा मारल्यावर पिवळ्या पिशव्या मिळाल्या आणि एक दिवसाआड गाडी येऊ लागली. आम्हाला वाटलं, प्रश्न सुटला.

पण पिशवी जाते कुठे? मुंबईची वर्षानुवर्षं गोवंडीत जात आली. तिथे देवनारचा कचरा डेपो, भोवती दाट वस्ती, त्यात आपल्या समाजाची माणसं बरीच. धुराविरुद्ध रहिवासी उच्च न्यायालयात गेले. 2023मध्ये न्यायालयाने ती भट्टी दोन वर्षांत खालापूर तालुक्यात हलवायला सांगितली. बातमी वाचून मी खूश झालो. मग लक्षात आलं, खालापूरलाही माणसंच राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022मध्ये हिशेब मांडला होता: मार्च 2020 ते नोव्हेंबर 2021 या काळात केवळ संयुक्त राष्ट्रांच्या एका योजनेतून देशोदेशी गेलेली पीपीई सुमारे 87,000 टन. संघटनेचं म्हणणं असं की मोजे गरजेपेक्षा जास्त वापरले गेले. आम्हीही दोन-दोन जोड्या चढवायचो. भीती होती, दुसरं काय.

आज बाहेर आपलं रक्तदान शिबिर चालू आहे. 2016च्या नियमांत अशी शिबिरंही येतात. येताना मी मुद्दाम डोकावलो. सुयांसाठी पांढरा डबा आहे, ठीक. तो न्यायला गाडी कधी येणार, असं तिथल्या चौघांना विचारलं. चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं.