कळ किती वाजता सुरू झाली?

आजपासून नावाआधी 'डॉक्टर' लावणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

तुमच्यातले बरेच जण आता बॉण्ड पूर्ण करायला एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू व्हाल. मीही असाच गेलो होतो, तीसेक वर्षांपूर्वी. जाऊन दोन महिने झाले असतील. सुगीचे दिवस होते, सकाळची ओपीडी, व्हरांड्यात ऐंशी-नव्वद माणसं. पंचेचाळिशीचा एक शेतकरी बायकोच्या खांद्याला धरून आत आला. बेंबीच्या वर जळजळतंय म्हणाला. एक उलटी झाली होती, अंग घामानं ओलं होतं. "रातच्याला तिखट खाल्लं, पित्त खवळलंय," बायको म्हणाली, आणि मी ते मान्य केलं. पित्ताचं इंजेक्शन दिलं, बाटलीत पांढरं औषध भरून दिलं, रजिस्टरात 'पोटदुखी' असं लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. दुपारी त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परत आणलं तेव्हा नाडी लागत नव्हती.

केंद्रात ईसीजीचं मशिन होतं. ते कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं आणि मशिनमधला कागद संपलेला होता. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटात दुखून येऊ शकतो, तो दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये दिसतो, हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले होते. त्या बाईनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. "तुम्ही तरी काय करणार, डॉक्टर," एवढंच म्हणाली. मी काय करू शकलो असतो, याचं उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे, आणि हृदयरोगावरचं संशोधनही मी त्याच नजरेनं वाचत आलो आहे. निदान करणारी यंत्रं दरवर्षी नवी येतात, औषधं येतात, झडप न कापता बदलता येते. हे सगळं तुम्ही वाचालच. मला बोलायचंय ते रोग सापडणं आणि माणूस वाचणं यांच्यामधल्या जागेबद्दल. गेल्या काही वर्षांतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं संशोधन नेमकं तिथेच झालं आहे.

जुन्यापासून सुरू करतो. १९८६मध्ये इटलीतल्या १७६ हृदयरोग कक्षांनी मिळून 'जिस्सी' नावाची चाचणी प्रसिद्ध केली. झटका आलेल्या सुमारे बारा हजार माणसांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले आणि एका गटाला रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दिलं. एकूण मृत्यू घटले, पण खरी गोष्ट तपशिलात होती. दुखायला लागल्यापासून पहिल्या तासात ज्यांना औषध मिळालं, त्यांच्यातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जसजसा उशीर, तसतसा फायदा कमी. औषध तेच, मात्रा तीच. बदलत होतं ते फक्त घड्याळ.

आता आपल्या देशातलं घड्याळ पाहा. २००८मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 'क्रिएट' हा अभ्यास आला. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतल्या डॉ. डेनिस झेवियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांतून निश्चित निदान झालेल्या २०,४६८ रुग्णांची नोंद केली. मोठ्या झटक्याचे जे रुग्ण होते, त्यांची दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतची मध्यक वेळ होती ३६० मिनिटं. सहा तास. दारात पोचल्यावर गुठळी विरघळवणारं औषध सुरू व्हायला आणखी ५० मिनिटं. ही शहरांमधल्या रुग्णालयांतली आकडेवारी आहे, हे विसरू नका. जे पोचलेच नाहीत ते या आकड्यांत नाहीत. माझा शेतकरी त्यांच्यातला.

त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे आणि तो मला फार अस्वस्थ करतो. तीस दिवसांतले मृत्यू गरिबांमध्ये ८.२ टक्के होते, श्रीमंतांमध्ये ५.५ टक्के. आपण सहज म्हणतो, गरीब माणूस उशिरा येतो, तंबाखू खातो, त्याची तब्येतच तोळामासा असते. संशोधकांनी ते तपासलं. वय, आधीचे आजार, इतर धोके हिशेबात घेऊनही फरक राहिलाच. पण मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात घेतला, आणि गरीब-श्रीमंतांच्या मृत्यूंमधला फरक गेला. अँजिओप्लास्टी श्रीमंतांमध्ये १५.३ टक्क्यांना मिळाली होती, गरिबांमध्ये २ टक्क्यांना. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांतही मोठी तफावत होती, आणि त्या गोळ्या लिहायला कॅथलॅब लागत नाही, पेन लागतं. म्हणजे गरिबाचं हृदय काही निराळं नव्हतं. त्याला आपण कमी दिलं होतं. हा शोधनिबंध तुम्ही एकदा पूर्ण वाचावा अशी माझी विनंती आहे. आपल्या धंद्यावरचं इतकं स्पष्ट आरोपपत्र मी दुसरं वाचलेलं नाही.

त्यावर उत्तर शोधणारे लोकही आपल्याच देशात निघाले. कोइमतूरचे डॉ. थॉमस अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूत कॅथलॅब असलेली मोठी रुग्णालयं मध्यभागी धरली आणि आजूबाजूची लहान रुग्णालयं त्यांना जोडून घेतली. लहान ठिकाणी ईसीजी काढायचा, तो फोनच्या जाळ्यावरून मोठ्या ठिकाणी पाठवायचा, जवळच गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं आणि मग १०८च्या गाडीनं रुग्ण पुढे न्यायचा. २,४२० रुग्णांवरचा हा अहवाल २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले होते. हा 'आधी आणि नंतर' असा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला नाही, तेव्हा त्याचा निष्कर्ष थोड्या सावधपणे वाचायला हवा. पण त्यात नवं औषध एकही नव्हतं, नवं यंत्र जवळजवळ नव्हतं, हेही तेवढंच लक्षात घ्या. कोणी कोणाला फोन करायचा, एवढं आधी ठरलेलं होतं. आपल्या शेजारी गोव्यात 'स्टेमी गोवा' प्रकल्प याच वाटेनं चालला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलेली ईसीजीची पट्टी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या जाळ्यात पोचते आणि टेनेक्टेप्लेजचं महागडं इंजेक्शन केंद्रातच फुकट मिळतं. काणकोणच्या माणसाला दुखायला लागलं तर बांबोळीचा रस्ता संपेपर्यंत उपचार थांबत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, पट्टी वाचायला आता डॉक्टर कशाला लागतो? खरं आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आज ईसीजीमध्ये अशा गोष्टी पाहते ज्या मला इतकी वर्षं पट्ट्या चाळूनही दिसत नाहीत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं एक प्रणाली तयार केली. साध्या ईसीजीवरून हृदयाचा पंप कमजोर आहे का, याचा ती अंदाज सांगते. २०२१मध्ये त्यांनी ती २२,६४१ रुग्णांमध्ये प्रत्यक्ष दवाखान्यांत तपासली. कमजोर पंपाचं निदान १.६ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर गेलं. फरक खरा आहे, आणि या रोगावर आज चांगली औषधं आहेत म्हणून तो महत्त्वाचाही आहे. पण त्याच निबंधातला दुसरा आकडा बघा. प्रणालीनं 'या रुग्णाकडे लक्ष द्या' असा इशारा दिला, डॉक्टरांच्या पडद्यावर तो दिसला, आणि तरी त्यांतल्या निम्म्याच रुग्णांची टू-डी इको झाली. यंत्रानं सांगितलं. उरलेल्या निम्म्यांसाठी कोणी उठलं नाही.

म्हणून स्कॉटलंडमधली 'स्कॉट-हार्ट' चाचणी मला फार आवडते. छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात आलेल्या ४,१४६ लोकांपैकी निम्म्यांच्या नेहमीच्या तपासण्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनची जोड दिली. पाच वर्षांनी पाहिलं तर हृदयविकारानं मृत्यू किंवा झटका हे सीटी न केलेल्यांत ३.९ टक्के आणि सीटी केलेल्यांत २.३ टक्के. आता सीटी स्कॅननं कोणी बरं होत नाही. मग हे झालं कसं? स्टेंट आणि बायपास यांची संख्या पाच वर्षांत दोन्ही गटांत साधारण सारखीच होती. फरक होता तो औषधांत. वाहिनीच्या भिंतीवर साचलेली चरबी डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिली आणि ॲस्पिरिन, स्टॅटिन लिहून दिली. ज्यांच्या वाहिन्या स्वच्छ निघाल्या त्यांच्या विनाकारण चालू असलेल्या गोळ्या बंद झाल्या. चित्र पाहून कोणी काही केलं, म्हणून माणसं वाचली.

अशाच चवीची एक बातमी युगांडातून आली. घसादुखीच्या तापातून झडपा खराब करणारा संधिवाताचा हृदयरोग आपल्याकडेही गरिबांच्या घरात आहेच. तिथे शाळकरी मुलांची इको करून, कसलाही त्रास नसलेली पण झडपेवर पहिल्या खुणा उमटलेली ८१८ मुलं शोधली. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. दोन वर्षांनी रोग पुढे गेलेली मुलं इंजेक्शनच्या गटात ०.८ टक्के आणि दुसऱ्या गटात ८.२ टक्के. औषध सत्तर वर्षांचं जुनं. ते कमरेत टोचतं, दुखतं, मुलं पळून जातात. दर चार आठवड्यांनी त्यांना परत आणणाऱ्या नर्स आणि आया, हाच त्या संशोधनातला सगळ्यांत अवघड भाग असणार असं मला वाटतं.

पण केवळ धावाधाव करूनही भागत नाही, हे सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. मी शिकत होतो तेव्हा झटक्यातून उठलेल्या रुग्णाच्या पट्टीवर जादा ठोके दिसले की आम्हाला काळजी वाटायची, कारण अशा रुग्णांना अचानक मृत्यू येण्याचा धोका जास्त हे माहीत होतं. ठोके दाबणारी औषधं होती, एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड. दिली की पट्टी सुंदर व्हायची. डॉक्टर समाधानी, नातेवाईक समाधानी. ही औषधं मोठ्या प्रमाणावर वापरली जात होती. मग अमेरिकेत 'कास्ट' चाचणी झाली, आणि अनेकांना ती अनैतिक वाटत होती, कारण निम्म्या रुग्णांना नुसती खोटी गोळी मिळणार होती. १९८९मध्ये या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते, खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. आम्ही पट्टी दुरुस्त करत होतो आणि माणूस जात होता. ज्या डॉक्टरांनी ती औषधं लिहिली, ते निष्काळजी नव्हते. ते कळकळीनं, जागं राहून, पाठ्यपुस्तकाप्रमाणे वागत होते. हे मला कधीच विसरता येत नाही.

ती सवय अजून गेलेली नाही. अँजिओग्राफीत अरुंद वाहिनी दिसली की स्टेंट टाकावासा वाटतो. झटका चालू असेल तेव्हा तो जीव वाचवतो, त्यात वाद नाही. पण चालताना छातीत दुखणाऱ्या स्थिर रुग्णांचं काय? लंडनच्या डॉ. राशा अल-लामी यांनी 'ऑर्बिटा' चाचणीत २०० रुग्णांना टेबलावर घेतलं, कानांवर हेडफोन लावून संगीत ऐकवलं, गुंगी दिली, आणि निम्म्यांना स्टेंट न टाकताच बाहेर पाठवलं. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नव्हतं. २०१७मधला निकाल असा होता की, पुरेशी औषधं चालू असलेल्या या रुग्णांत सहा आठवड्यांनी व्यायामाच्या क्षमतेत म्हणावा असा फरक नव्हता. किती जण चिडले तेव्हा! त्याच लोकांनी मग दुखण्याची औषधं थांबवून ३०१ रुग्णांत दुसरी चाचणी केली, आणि २०२३मध्ये दाखवलं की तिथे स्टेंटनं दुखणं खरोखर कमी होतं. पहिल्या निकालावर अडून न बसता पुढचा प्रश्न विचारला, म्हणून आज आपण रुग्णाला प्रामाणिकपणे सांगू शकतो: स्टेंटनं तुमचं दुखणं कमी होईल, पण आधी गोळ्या घेऊन पाहायला हरकत नाही. हे वाक्य बोलायला पाच मिनिटं जास्त लागतात आणि त्यातून मिळकत कमी होते. तरी बोला.

आता तुमच्या पहिल्या दिवसाबद्दल. केंद्रात रुजू झालात की सत्काराचा नारळ घेण्याआधी कपाट उघडायला सांगा. ईसीजीचं मशिन चालतंय का, जेल आहे का, कागद भरलेला आहे का, हे स्वतः एक पट्टी काढून बघा. शिपाईमामांचीच काढा, त्यांनाही बरं वाटेल. ॲस्पिरिनच्या गोळ्यांची मुदत पाहा. जवळची कॅथलॅब कुठे, तिथे रात्री फोन कोण उचलतं, त्या माणसाचं नाव भिंतीवर लिहून ठेवा. आशाताईंना सांगा की पित्त, गॅस, छातीत भरून येणं, दम लागणं, घाम सुटणं, यांतलं काहीही घेऊन चाळिशीपुढचा माणूस आला तर त्याला रांगेत बसवायचं नाही. बायकांचं दुखणं तर नेहमीच 'ॲसिडिटी' ठरतं, त्यांना आधी आत घ्या. पहिली पट्टी ठीक आली आणि दुखणं चालूच असलं तर पुन्हा काढा. मधुमेहाच्या रुग्णाला न दुखताही झटका येतो, हे नुसतं पाठ असून उपयोगाचं नाही. मला पाठ होतं.

माझा फोन नंबर तुमच्या विभागप्रमुखांकडे देऊन ठेवला आहे. रात्री दोन वाजता पट्टी पाठवलीत तरी चालेल, मी उठून बघीन. नावगाव मागाहून सांगा, 'सर, सॉरी' वगैरे मुळीच लिहू नका. पट्टीखाली एवढंच लिहा: वय किती, आणि कळ किती वाजता सुरू झाली. मी त्या दिवशी हे विचारलं नव्हतं.